पिकअपचे टायर, रिम आणि सायलेन्सर: मासळीच्या गाडीला खरंच काय हवं?



१ जून ते ३१ जुलै, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मासेमारीबंदीचे ६१ दिवस. जाळी शिवायची, होडी वर काढून खरवडायची, इंजिन खोलायचं आणि बरोबरीनं पिकअपही गॅरेजात न्यायची, हा आपला दरवर्षीचा क्रम. याच दिवसांत गाडीला नवीन काहीतरी बसवायचा विषय निघतो. कुणाला रुंद टायर हवेत, कुणाला चकचकीत अलॉय, तर कुणाला "जरा दमदार आवाजाचा" सायलेन्सर. मोबाईलवर तसे व्हिडिओ रोज दिसतात आणि दुकानदारही लगेच बसवून द्यायला तयार असतो.

ते व्हिडिओ बहुतेक हौसेच्या पिकअपचे असतात हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी. मागचा हौदा आठवड्यातले बरेच दिवस रिकामाच असतो. आपली पिकअप पहाटे जेटीवर बर्फ आणि मासळीनं भरते, हरमल-मांद्रे-शिवोलीच्या वळणांवरून म्हापशाला जाते, नाहीतर अस्नोडा, डिचोली, साखळी करत चोर्ला घाट चढून बेळगावला जाते. येताना बऱ्याचदा भाजी भरून तोच घाट उतरते. त्यामुळे आपल्या गाडीला काय बसवायचं हे तीन गोष्टी ठरवतात: वजन, पाऊस आणि खारं पाणी. दिसणं आणि आवाज त्यानंतर.

या लेखात आपण तिन्ही वस्तू एकेक करून बघू. थोडं गणित आहे, पण ते पाचवीतलं आहे. लेख जपून ठेवा आणि दुकानात जाताना सोबत असू द्या.

१. आधी गाडीवरचं वजन मोजा

आपण मासळी मोजतो, बर्फ मोजत नाही. चूक इथूनच सुरू होते. आपल्या हवेत मासळी चांगली राहायची तर जवळजवळ मासळीइतकाच बर्फ लागतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे २० किलो बांगड्याच्या क्रेटमध्ये २० किलो बर्फ आला. रिकामी क्रेट साधारण २ किलोची धरा. एक क्रेट झाली ४२ किलोची. अशा ३० क्रेट चढवल्या तर १,२६० किलो. त्यात ड्रायव्हर आणि दोन माणसं, म्हणजे आणखी २०० किलो. बिलावर मासळी मात्र ६०० किलोच दिसते!

२०१८ साली फॉर्मेलिनचा वाद झाला आणि बाहेरून गोव्यात येणाऱ्या मासळीला इन्सुलेटेड वाहनाची अट आली. तेव्हापासून आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांना बंद पेटी आली. मासळीसाठी ते चांगलंच झालं, पण पेटीचं स्वतःचं वजन असतं. जितकी पेटी जड, तितका माल कमी भरायचा. कंपनीनं सांगितलेली माल वाहण्याची क्षमता ही साध्या हौद्याच्या गाडीची असते.

आरसी बुक उघडा. त्यात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. पेटी बसवल्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीसारखी भरून वजनकाट्यावर घाला. काट्याचा खर्च एका क्रेटच्या भाड्याएवढाही नसतो, आणि टायरबद्दलचा पुढचा सगळा निर्णय त्या पावतीवर होतो.

२. टायरवरचे आकडे वाचायला शिकू

टायरच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरं आणि आकडे असतात. उदाहरण म्हणून २१५/७५ आर १५ हा आकार घेऊ. तुमच्या गाडीचा आकार वेगळा असू शकतो, तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल.

- २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के.
- आर म्हणजे रेडियल.
- १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

हे बहुतेकांना माहीत असतं. खरा महत्त्वाचा आकडा त्याच्या पुढे असतो आणि तोच कुणी बघत नाही. तो म्हणजे भारांक. टायर किती किलो पेलतो ते तो सांगतो, पण सरळ किलोत नाही, ठरलेल्या कोष्टकानुसार. त्यातले काही आकडे असे:

- ९० म्हणजे ६०० किलो
- ९५ म्हणजे ६९० किलो
- १०० म्हणजे ८०० किलो
- १०४ म्हणजे ९०० किलो
- १०८ म्हणजे १,००० किलो
- ११२ म्हणजे १,१२० किलो

हा भार एका टायरचा, आणि तोही टायरमध्ये पूर्ण हवा असताना. काही टायरवर १०६/१०४ असे दोन आकडे असतात. पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. आपल्या पिकअपला मागे एकेकच चाक असतं, म्हणून पहिला आकडा बघायचा.

आता गणित करू. समजा भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलो आहे आणि त्यातलं दोन तृतीयांश मागच्या चाकांवर येतं. म्हणजे मागे २,००० किलो, एका टायरवर १,०००. इथे भारांक कमीत कमी १०८ हवा. दुकानदारानं त्याच मापाचा, पण जीपगाडीसाठी बनवलेला १०० भारांकाचा टायर दिला, तर तो रिमवर अगदी व्यवस्थित बसेल. दिसेलही छान, आणि स्वस्तही पडेल. पण प्रत्येक मागच्या टायरवर २०० किलो जादा भार घेऊन तुम्ही घाट उतरत असाल. माप तेच, ताकद वेगळी.

म्हणून "पंधराचा टायर द्या" एवढंच सांगू नका. व्यापारी वाहनाच्या टायरवर मापाच्या जवळ एलटी किंवा सी असं अक्षर असतं आणि ६पीआर, ८पीआर असं लिहिलेलं असतं. पीआर म्हणजे टायरच्या अंगातली ताकद, म्हणजे किती हवा आणि किती भार तो सोसेल त्याची खूण. गाडीला कंपनीनं ८पीआर दिला असेल तर ६पीआर घेऊन वाचवलेले पैसे पहिल्याच फुटलेल्या टायरला जातात. त्या ट्रिपचा माल गेला तर तो वेगळाच.

दोन गोष्टी आणखी बघायच्या. एक, आयएसआयची खूण. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या टायरला ती बंधनकारक आहे. दुसरी, टायरच्या बाजूवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. रबर वापरात नसलं तरी म्हातारं होतं.

३. एक माप मोठा टायर घातला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर काय होतं ते बघू.

रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. २१५ च्या टायरची एका बाजूची उंची १६१ मिलिमीटर, दोन्ही बाजू धरून चाकाचा व्यास साधारण ७०३. २३५ चा हिशेब केला तर व्यास ७३३. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त.

चार टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्याचे परिणाम असे:

- मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीच किलोमीटर जास्त वेगात असते.
- इंजिनाची रस्त्याला लागणारी ओढ चार टक्क्यांनी कमी होते. भरल्या गाडीनं चोर्ला चढताना एक गिअर लवकर उतरवावा लागतो. डिझेल जास्त, क्लचला ताण जास्त.
- ब्रेक तोच राहतो, चाक मोठं होतं. तेवढंच थांबायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो.
- पूर्ण भार असताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला किंवा पाट्यांना घासू शकतो.
- रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायर त्यावर चढतो.

या सगळ्याच्या बदल्यात काय मिळतं? गाडी दीड सेंटिमीटर उंच होते आणि भारदस्त दिसते. मासळी त्यामुळे लवकर पोचत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: माप कंपनीचंच ठेवा. त्याच मापात जास्त भारांकाचा आणि चांगल्या पकडीचा टायर घ्या. त्याला आपण खरी सुधारणा म्हणू.

४. नक्षी कुठली?

ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात. रस्त्याची सरळ रेघांची नक्षी, मिश्र नक्षी आणि चिखलाची मोठ्या गठ्ठ्यांची नक्षी.

चिखलाच्या नक्षीचा मोह रापणीची मासळी भरणाऱ्यांना होतो. "वाळूत उतरायला बरं" असं म्हणतात. पण गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि वाळूत लागते ती पसरट, कमी हवेची चाकं. चिखलाचे गठ्ठे वाळू उकरून खाली जातात. ओल्या डांबरावर मात्र त्यांची पकड कमी असते, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी. वर आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतं.

पेडण्याच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि गावातले अरुंद वळणांचे रस्ते. तिथे सरळ रेघांची नक्षी पुरते. खोल आणि सलग चर असले की पाणी बाहेर जायला वाट मिळते. डिचोली-साखळी भागात खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर खडी आणि लाल माती असते. पहिल्या पावसात त्या मातीचा जो चिकट थर होतो, तो दुचाकीवाल्यांना विचारा. तिथे नेहमी जाणाऱ्यांनी मागच्या चाकांना मिश्र नक्षी घेतली तर चालेल.

काही नियम सगळ्यांसाठी सारखे:

- एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एक रेडियल आणि एक साधा, असं कधीही नको.
- दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घाला. ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं की गाडी फिरते आणि ती सावरणं कुणाच्याच हातात राहत नाही.
- रिसोल केलेला टायर पुढच्या चाकाला नको. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं.
- चरांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. बाजूला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण त्यांची जागा दाखवते. रबर त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. चारचाकीसाठी नियमात १.६ मिलिमीटरची मर्यादा आहे. पण आपल्या पावसात ३ मिलिमीटर उरले की बदलायची तयारी ठेवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत.

५. हवा: फुकटातली सुधारणा

नवीन टायर घेण्याआधी हवा नीट ठेवायला शिकलो तर अर्धे प्रश्न सुटतात. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे. हवा कमी असली की बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. त्यातून उष्णता तयार होते, उष्णतेनं आतले थर सुटतात. भरलेली गाडी, उन्हाची दुपार आणि घाट एकत्र आले की टायर जातो.

हवा सकाळी गाडी निघायच्या आधी मोजा, टायर थंड असताना. पुढची आणि मागची हवा वेगळी असते. रिकाम्या आणि भरल्या गाडीचीही वेगळी असते. आकडा दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीचा आकडा नव्हे. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. आणि हवा जास्त भरली म्हणून टायरची भार पेलायची ताकद त्याच्या मर्यादेपलीकडे वाढत नाही.

नायट्रोजनबद्दल विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन भरला तर तोटा नाही, पण दर आठवड्याला हवा मोजायचं काम त्यानं चुकत नाही. स्टेपनीचीही हवा मोजा. रात्री दोन वाजता घाटात स्टेपनी बसलेली निघाली तर मासळीचं काय होतं ते सांगायला नको.

बंदीच्या काळात गाडी उभीच राहणार असेल तर टायर एकाच जागी दबून राहतात. आठवड्यातून एकदा थोडी पुढे-मागे करा, हवा पूर्ण ठेवा.

६. रिम: लोखंडी की अलॉय?

थंडीच्या देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथल्या गाड्या खालून गंजून जातात, ही तिकडची जुनी तक्रार. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नसतं, ते आपणच गाडीत घेऊन फिरतो. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी, त्यात मासळीचं रक्त आणि चिकटा, हे हौद्याच्या फटीतून थेंबथेंब मागच्या चाकावर, पाट्यांवर, ब्रेकच्या ड्रमवर आणि सायलेन्सरवर पडत राहतं. त्यात किनाऱ्याची खारी हवा बारा महिने असतेच.

अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची मिश्र धातू. ती लोखंडासारखी लाल गंजत नाही हे खरं. पण तिच्या रंगाला एक चरा पडला की खारं पाणी आत शिरतं आणि पांढरी पूड धरते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची रिम लोखंडी हबला टेकते. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं आणि रिम हबला चिकटून बसते. पंक्चर काढायला रस्त्यात थांबलात आणि चाकच निघालं नाही, असं होतं. खड्ड्यात आपटल्यावर लोखंडी रिम वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जातो.

म्हणून मासळीच्या गाडीला कंपनीची लोखंडी रिमच बरी. तरीही अलॉय घ्यायचीच असेल तर या गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नका:

- रिमवर भाराची मर्यादा कोरलेली आहे का? ती टायरच्या भाराइतकी तरी हवी. कारच्या अलॉयला पिकअपचा भार झेपत नाही.
- बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळतो का? "जवळपास बसतं" हे उत्तर चालणार नाही.
- ऑफसेट तोच आहे का? रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती आत-बाहेर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. तो बदलला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर तिरका भार पडतो. चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये चकत्या घालतात, त्यांचाही हाच दोष.
- नट कुठले? अलॉयच्या नटाची बैठक बऱ्याचदा वेगळी असते. जुने नट तसेच लावले तर ते सैल होतात.

रिम कुठलीही असो, चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्या.

लोखंडी रिमची काळजी सोपी आहे. टायर काढला की रिमची कड तारेच्या ब्रशनं साफ करा, प्रायमर आणि रंग द्या, व्हॉल्व्ह नवा घाला. ट्यूबलेस टायरची हवा रोज थोडी उतरत असेल तर पंक्चर नसून कडेचा गंज असतो, हे पुष्कळदा दिसतं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: टायर बसवलेल्या रिमवर कधीही वेल्डिंग करू देऊ नका. हवा काढलेली असली तरीही नाही. उष्णतेनं टायरच्या आत वायू तयार होऊन तो बॉम्बसारखा फुटू शकतो. तडा गेलेली रिम वेल्डिंगची नाही, भंगाराची. हे वाक्य आपल्या ओळखीच्या प्रत्येक पंक्चरवाल्याला वाचून दाखवा.

७. सायलेन्सर: बदलायचा की वाचवायचा?

"सरळ पाइप टाकला की गाडीला दम येतो" असं गॅरेजात ऐकू येतं. आवाज वाढला की जोर वाढल्यासारखा वाटतो, एवढंच. आपल्या पिकअप बहुतेक टर्बो डिझेल आहेत. त्यांचा जोर किती डिझेल आणि किती हवा आत जाते यावर ठरतो, आणि ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. नुसता मागचा पाइप बदलून तो हिशेब बदलत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि तापमान सेन्सर मोजत असतात. मध्येच कापाकापी केली तर दिवा पेटतो, गाडी जोर कमी करते आणि पीयूसीला अडचण येते.

जाळीचा खरा त्रास वेगळाच आहे. ती भरली की गाडी आतली काजळी जाळून साफ करते, त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. जेटी ते बाजार, पाच-सात किलोमीटर, थांबत थांबत, अशी गाडी रोज चालली तर धूर तापतच नाही आणि जाळी चोंदते. उपाय साधा आहे: आठवड्यातून एक-दोनदा महामार्गावर सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगात चालवा. पत्रादेवी-धारगळची फेरी असली तर आपोआप होतं. जाळीचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे लगेच करा, "उद्या बघू" नको. इंजिन ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रतीचं घाला. साध्या ऑईलची राख जाळीत अडकते आणि ती जळून जात नाही. होडीच्या इंजिनासाठी आणलेलं केरोसीन गाडीच्या टाकीत कधीही ओतू नका. ते कायद्यातही बसत नाही आणि इंजिनाच्या पंपालाही सोसत नाही.

गंजून भोक पडलेला सायलेन्सर मात्र बदललाच पाहिजे, आणि इथे खर्च करण्यासारखं काही आहे. साध्या लोखंडाच्या पत्र्याचा सायलेन्सर आपल्याकडे लवकर जातो. अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा जास्त टिकतो. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ अशा जाती मिळतात. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, वरून तांबूस डाग पडतात पण पत्रा टिकतो. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ती जास्त टिकते आणि महागही असते. खाऱ्या पाण्यानं तिलाही बारीक खड्डे पडतात, म्हणून धुण्याला पर्याय नाही. घेताना कंपनीच्याच आकाराचा आणि आवाजाच्या मर्यादेतला घ्या. धातू बदला, रचना बदलू नका.

सायलेन्सरला भोक पडलंय हे फक्त आवाजाचं प्रकरण नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. जेटीवर बोटीची वाट बघताना पावसात काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपायची आपल्या पोरांना सवय आहे. खालून गळणारा धूर केबिनमध्ये आला तर डोकं जड होतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. ही भीती घालायची म्हणून सांगत नाही. इंजिन बंद करून झोपा, काच थोडी उघडी ठेवा आणि गळका सायलेन्सर आठवडाभरही चालवू नका.

८. कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन तीन महिने जाऊ शकतं. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. मासळी रस्त्यावर उतरवून ठेवायची म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर टायरचं माप आणि गाडीतले बदल बघतो. न कळवलेला बदल सापडला तर कंपनी दावा कमी करू शकते किंवा नाकारू शकते. गाडी कर्जावर असेल तर हप्ता मात्र चालूच राहतो.

९. मग पैसे कुठे घालायचे?

आमच्या मते क्रम असा असावा:

१. वजनकाट्याची पावती आणि हवा मोजायचं स्वतःचं मीटर.
२. योग्य मापाचे, पुरेशा भारांकाचे चार टायर आणि तशीच स्टेपनी.
३. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, ब्रेकची तपासणी.
४. हौद्यातलं खारं पाणी एका नळीनं टाकीत जमा करायची सोय, म्हणजे ते चाकावरही पडणार नाही आणि रस्त्यावरही सांडणार नाही.
५. लोखंडी रिमचा रंग, गंजलेला सायलेन्सर चांगल्या धातूचा.
६. उरले तर केबिनची बैठक चांगली करा. पाठ आपलीच आहे.

टायर घेताना किमतीपेक्षा किलोमीटरचा हिशेब धरा. उदाहरणादाखल, ६,००० रुपयांचा टायर ३०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला २० पैसे. ७,५०० रुपयांचा ५०,००० चालला तर १५ पैसे. महाग दिसणारा स्वस्त पडला. टायर घातल्या दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला तरच हे कळेल.

रोजचं काम एकच: फेरी संपली की गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवा, विशेषतः मागची चाकं, पाटे आणि सायलेन्सर. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, अर्धा तास थांबा. धुतल्यावर थोडी चालवून ब्रेक दाबून सुकवा. गंज लागू नये म्हणून जळकं ऑईल फवारतात, ते टायरवर आणि रबरी बुशांवर पडलं तर रबर फुगतं, आणि रस्त्यावर ठिबकलं तर मागचा दुचाकीवाला घसरतो. त्यापेक्षा गंजरोधक रंग द्या.

ज्या भगिनी स्वतः गाडी चालवत नाहीत, पण भाड्याच्या पिकअपमधून पहाटे बाजाराला जातात, त्यांनीही हे वाचावं. गाडीत बसण्याआधी मागच्या टायरवर एक नजर टाका. गुळगुळीत झाला असेल तर भाडेवाल्याला सांगा. पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क आहे.

दुकानात जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: टायरचं माप, लागणारा भारांक, पीआर, पुढची-मागची हवा आणि भरलेल्या गाडीचं वजन. दुकानदार काही वेगळं सुचवायला लागला तर कागद पुढे करा. तुमच्या गाडीचे आकडे खाली लिहिलेत तर कुठला भारांक लागेल त्याचा हिशेब आपण मिळून करू. आणि ही माहिती गाडी चालवणाऱ्या पोरांपर्यंत पोचवा, मालकापेक्षा ती त्यांनाच जास्त उपयोगी आहे.